झीलकऱ्याचे पाय

आमच्या चर्चमध्ये वेदीमागच्या कपाटात एक तांब्याचं घंगाळ आहे. वर्षभर त्यात मेणबत्त्यांचे तुकडे, दिव्यांच्या माळा आणि नाताळच्या गव्हाणीतली मातीची मेंढरं पडून असतात. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, कुणीतरी ते बाहेर काढतं, चिंचेनं घासतं आणि पायरीवर उन्हात उपडं घालतं. ते तसं झळकताना दिसलं की माझ्या कानात चिपळ्या वाजायला लागतात.

गुरुवारचं कीर्तन हा आमच्या मंडळीचा खरा सण. रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती माणसं थोडी. आजेपणजे कोण कोल्हापुराकडून, कोण नगराकडून, दवाखान्याच्या नाहीतर शाळेच्या नोकरीनं इथे उतरले, आणि येताना ट्रंकेत चिपळ्या घेऊन आले. येशूचं नाव घेतलं म्हणून त्यांनी कीर्तन टाकून दिलं नाही. पूर्वरंगात शास्त्रातल्या वचनाचं निरूपण, उत्तररंगात शुभवर्तमानातलं आख्यान, मध्ये साकी, दिंडी, ओवी. नुसतं बोललेलं प्रवचन चांगलंच असतं, माझी तक्रार नाही. पण ते ऐकून आपण घरी जातो, आणि गायलेलं प्रवचन आपल्याबरोबर घरी येतं. भांडी घासताना ते शेजारी उभं असतं.

आणि आमच्याकडे कीर्तन म्हणजे रावजीमामा.

मामा मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. दिवसभर लाद्या ओढायच्या, फोडायच्या, होड्यांवर चढवायच्या, आणि संध्याकाळी अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून उभे राहिले की हाच तो माणूस यावर विश्वास बसू नये. फक्त एक गोष्ट विचित्र. कीर्तनात सगळे अनवाणी, आणि मामांच्या पायात करडे मोजे. तरुणपणी बर्फाची लादी डाव्या पायावर पडली होती, दोन बोटं गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो पाय कुणी पाहिला नव्हता. मुलं त्यांना मोजेवाले बुवा म्हणायची, आणि मामा त्यांना गोळ्या वाटायचे.

त्यांचा आवाज कसा होता ते कसं सांगू. सकाळी खाडीवर धुकं असतं आणि पलीकडून नाखवा हाक मारतो, माणूस दिसत नाही पण हाक अंगाला लागते, तसा. अंगणातल्या बकुळीखाली चटया टाकलेल्या असत. आमची मंडळी पुढे, मागे शेजारपाजारची हिंदू माणसं, अंगणाच्या दगडी गडग्यावर मिरकरवाड्यातले दोघंतिघं मुसलमान खलाशी, मामांच्या ओळखीचे. मामांचा एक ठरलेला दृष्टांत होता. दरवर्षी तोच, आणि दरवर्षी आम्ही तो नव्यानं ऐकायचो.

"सड्यावर पाऊस पडतो," ते म्हणायचे, "सगळ्यात आधी सड्यावर पडतो. सडा उंच, कातळाचा माथा. मग सड्यावर पाणी का नाय? पावसाळा सरला की बघा, कातळ तापलाय, गवत करपलंय. पाणी गेलं कुठं? खाली गेलं. जिथं खोलगट जागा मिळाली तिथं बसलं. म्हणून खालच्या आळीच्या विहिरी भरल्या, म्हणून पोफळी उभ्या हायत. पाणी वर थांबलं असतं तर सड्याची ऐट राहिली असती, आणि आपण मेलो असतो तहानेनं. देवाचा पुत्र वर थांबला नाय रे. खाली उतरला. उतरला तो दासाच्या जागेपर्यंत उतरला, आणि तिथनं आणखी खाली, मरणापर्यंत."

मग चिपळ्या वाजायच्या, आणि प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले त्यावर त्यांचीच रचलेली साकी यायची:

भोजनातुनी उठला स्वामी, कटीस रुमाल बांधी।
ज्याचे पाय पुजावे त्याने धुतले पदरज आधी॥

कीर्तनकार अर्धी ओळ गाऊन सोडतो आणि मागे उभा असलेला ती उचलतो. त्याला झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याचं नाव कुणी जाहिरातीत छापत नाही, पण तो नसेल तर कीर्तनकाराला श्वास घ्यायला जागा नाही. मामांची झील धरायचा केरू. तोही बर्फाच्याच कारखान्यात. आवाज बेताचा, पण ओळ कधी जमिनीवर पडू द्यायचा नाही.

घंगाळाची प्रथा त्याच्यामुळेच सुरू झाली. तेव्हा मी नुकतीच साथीला पेटीवर बसायला लागले होते. त्या गुरुवारी एक होडी उशिरा निघाली म्हणून केरू धक्क्यावरून तसाच धावत आला. पायाला चिखल, माशांची खवलं, अंगाला वास. चटया नव्याकोऱ्या होत्या. त्यानं चटईवर पाय ठेवला नाही, बाहेर पायरीवरच उभा राहिला आणि तिथूनच झील धरू लागला. पूर्वरंग संपला. आता कीर्तनकाराला हार घालायचा. हार घेऊन माणूस पुढे झाला, तर मामा चटईवरून उतरून चालू लागलेले. हात धुवायला ठेवलेलं घंगाळ त्यांनी उचललं आणि पायरीवर केरूसमोर जाऊन बसले.

"अरे रावजी, काय करतोस. सोड पाय," केरू म्हणाला.

"गप रे. आख्यान तुझ्यावर आलंय."

धुतले, उपरण्यानं पुसले, आणि हाताला धरून त्याला चटईवर आणलं. हाराचं कुणी नाव काढलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. तेव्हापासून पूर्वरंग संपला की हार नाही. कीर्तनकारानं झीलकऱ्याचे पाय धुवायचे. पाणी कोमटच हवं, यावर मामांचा कटाक्ष. स्वतः बोट घालून बघायचे.

पाय पुसून झाले की केरू दरवर्षी म्हणायचा, "आता तुझे दे."

"पुढल्या वर्षी," मामा म्हणायचे आणि चिपळ्या उचलायचे.

हे इतकं ठरून गेलं की आमच्या बायकांच्या बोलण्यात आलं. कौलं कधी शाकारणार, असं कुणी नवऱ्याला विचारलं आणि त्यानं टोलवलं, की ती म्हणणार, "हां, रावजीमामांच्या पुढल्या वर्षी." सगळ्या हसायच्या. मामांची ती नम्रता आम्हाला फार आवडायची. हा माणूस सगळ्यांचे पाय धुतो आणि स्वतःचे पुढे करत नाही. आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

केरू दोन पावसाळ्यांमागे गेला. त्यानंतर मामांचा आवाज बसू लागला. म्हणाले, सर्दी आहे. सर्दी नव्हती. गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता खरखराट, होडी वाळूवरून ओढावी तसा. गेल्या वर्षी गुरुवारी कीर्तन झालं नाही. दुसरीकडच्या कुठल्याशा कीर्तनाचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं. चांगलं होतं. पण आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसून ते बघितलं, आणि निघताना मामांची बायको, कमलाबाई, म्हणाल्या, "चित्रातल्या आंब्याला वास नाय."

यंदा मामांनी स्वतःहून तोंड उघडलं. चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाले, "मृणाली करील. केरूची मुलगी." मृणाली इथल्याच शाळेत शिकवते. लहानपणी बापाच्या धोतराचा सोगा धरून झीलीच्या जागेवर उभी असायची. सगळी आख्यानं तिला पाठ. मामांनी आपल्या चिपळ्या तिच्या हातात ठेवल्या. आम्हाला भरून आलं. इतकी वर्षं जी जागा आपली, ती माणूस अशी सोडतो, बघा. महिनाभर त्यांच्या पडवीत तालीम चालली. मी पेटी घेऊन जायचे, तबल्याला बँकेतला रितेश. मामा हातानं दाखवायचे, कुजबुजून सांगायचे. "ओळ सोडताना घाबरू नको, बाय. सोडायची. कुणीतरी घेतोच." आणि मागे उभे राहून त्या फुटक्या आवाजात झील धरायचे. बेसूर नव्हते हो. आवाज फुटला होता, सूर जागेवर होता.

गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटली. अंगणात पाळकसाहेब सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "मग यंदा झीलीला मामा, म्हणजे मामांचे पाय मृणालीताई धुणार. केरूकाकांची राहून गेलेली इच्छा पूर्ण होणार." ते नगरकडचे, तरुण, मनानं फार चांगले, आनंद झाला की त्यांना दम निघत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा हसले, आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. ती बांधलेलीच होती.

संध्याकाळी मामांचा निरोप आला. झीलीला दुसरा बघा. मी शेवटच्या बाकावर बसेन.

पाळकसाहेब विचारायला गेले तर मामांनी त्यांना शास्त्र सांगितलं. "प्रभूचंच सांगणं आहे ना, साहेब, मेजवानीला गेलात तर वरच्या जागेकडे जाऊ नका, खालची धरा. माझी वेळ सरली. आता पुढं पुढं करणं बरं नाय." पाळकसाहेब परत आले ते डोळे पुसतच. मंडळीत आणखी एक गोष्ट झाली मामांच्या नम्रतेची. एकट्या कमलाबाई म्हणाल्या, "खालची जागा धरायची हल्ली घाई फार."

बुधवारी दुपारी मृणाली आणि मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत कमलाबाई ओले काजू सोलत बसल्या होत्या. काजूचा डीक बोटं जाळतो म्हणून शेजारी खोबरेल तेलाची वाटी. बोटं तेलात बुडवायची आणि सोलायचं.

"या गो," त्या म्हणाल्या. "काय ऐकवायचं ते ऐकवा त्यांना. मी ऐकवून दमले."

मामा खुर्चीत होते. घरात, तेही उन्हाळ्यात, पायात बूट.

मृणाली खाली बसली. "मामा, झील कोण धरणार?"

"रितेश हाय की."

"त्याचा सूर..."

"त्याचा सूर मला नको सांगू. भरती-ओहोटी हाय ती. मग गोदा धरील."

"पेटीवर भाता मारता मारता माझा दम पुरत नाही, मामा," मी म्हटलं. "तुम्हाला माहिती आहे."

"शिकशील."

"उद्यापर्यंत?"

मामांनी बाहेर बघितलं. मृणाली हळूच म्हणाली, "झीलीचं राहू दे. पायांचं सांगा."

"काय पायांचं? तुझे पाय मी धुतो. आत्ता आण पाणी. पाळकाचे धुतो. ह्या गोदाचे धुतो. सगळ्या मंडळीला रांगेत बसव, कुणाचे सोडले तर सांग."

"ते माहिती आहे, मामा."

"मग झालं तर."

कमलाबाईंनी काजूचं टरफल बाजूला टाकलं. "धुवायला सांगा, धुतील. लग्नाला एवढी वर्षं झाली, ताप आला तरी पाय चेपू दिले नाय. डाव्या पायाला मोजा घालून झोपतात. मला वाटायचं, बोटांची लाज. मग बघितलं, नुसती बोटांची नाय ती. शेजारणीकडून एकदा वाटीभर साखर आणली मी, तर दुसऱ्या दिवशी दोन वाट्या परत देऊन आले. ती बिचारी आमच्याकडे साखर मागायची बंद झाली. कसं मागणार? दुप्पट द्यावी लागायची."

"माणसानं कुणाच्या उपकारात राहू नये," मामा म्हणाले.

"होय काय? मग प्रभूनं दिलेल्या तारणाचं काय करणार? तेही परत करणार, दोन वाट्या?"

मामा मृणालीकडे वळले. म्हणाले, "साकी फार चढवू नको. काळी दोनच्या पट्टीत घे. वर गेलीस तर उतरायला जागा राहणार नाय."

"बरं." मृणाली उठली, चप्पल घातली, आणि पायरीवरून म्हणाली, "बाबा शेवटी दवाखान्यात होते ना, तेव्हा विचारत होते. रावजी पाय देतो का बघ, म्हणाले. मी म्हटलं, पुढल्या वर्षी देतील. हसले."

आम्ही निघालो. रस्त्याला उतार लागला, खाली बंदर दिसत होतं, आणि मला एकदम आठवलं की केरू याच वाटेनं वर यायचा, पायातून पाणी गळत, उद्याच्या ओळी गुणगुणत.

गुरुवारी चटया टाकल्या. बकूळ आता नाही. वादळात गेली ती. तिथे मांडव घातला होता. तरी माणसं आली, वाटलं त्याहून जास्त आली. गडग्यावर एक म्हातारा खलाशी येऊन बसला, नातवाच्या खांद्याला धरून. मामा आले ते थेट मागे गेले. शेवटचा बाक चपलांच्या ढिगाजवळ. तिथे बसले, पाय बाकाखाली.

मृणाली साध्या सुती साडीत, खांद्यावर बापाचं उपरणं. तिनं पूर्वरंगाला जकातदाराची गोष्ट घेतली. मंदिरात दोघं प्रार्थनेला गेले. एक उभा राहून आपली चांगली कामं देवाला ऐकवत होता, दुसरा दूर उभा, वर बघायचीही हिंमत नाही, छाती पिटत म्हणाला, मज पाप्यावर दया कर. "आणि घरी नीतिमान ठरून कोण गेला," ती म्हणाली, "तर ज्याच्याकडे ऐकवायला काही नव्हतं, तो. रिकामा होता म्हणून भरून गेला." सड्याच्या पाण्याचा दृष्टांतही दिला. मामांचाच, पण तिच्या तोंडून आला तो शाळेच्या वर्गातून आल्यासारखा, थोडा हसरा.

गात छान होती. पण ओळ सोडली की अडचण. रितेश उचलायचा तर सूर खाली, मी उचलायची तर श्वास तोकडा. ओळी टोकाशी लोंबत राहायच्या आणि ती वळून त्या स्वतःच उचलून घ्यायची. तिचा दम सरत चाललेला मला पेटीवरून ऐकू येत होता. मध्ये मी मागे बघितलं. शेवटच्या बाकावर मामांचे ओठ हलत होते.

पूर्वरंग संपला. मृणालीनं चिपळ्या खाली ठेवल्या, उपरणं कमरेला बांधलं, घंगाळ उचललं. सगळ्यांनी तिच्या मागच्या जागेकडे पाहिलं. झीलीची जागा मोकळी होती. ती तिकडे वळलीच नाही. चटयांमधून वाट काढत, माणसं पाय आखडून घेत होती, घंगाळातलं पाणी हिंदकळत होतं, ती चपलांच्या ढिगापर्यंत गेली आणि शेवटच्या बाकासमोर जमिनीवर बसली.

मामांनी पाय आणखी आत घेतले.

"नको गो," ते म्हणाले.

हळूच म्हणाले, पण तो आवाज आता हळू होतच नाही. सगळ्या अंगणाला ऐकू गेला. मृणालीनं वर बघितलं. आणि मग तिनं कीर्तनकाराला जे करायचं असतं तेच केलं. आख्यान जिथं आलं होतं तिथून उचललं. बसल्या जागी, चिपळ्यांशिवाय, मामांचीच साकी:

स्वामी, माझे पाय नको रे, पाय तुझे मज द्यावे।

प्रभूचा शिष्य शिमोन पेत्र, त्याचं बोलणं. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्र नको म्हणाला ना, ते. मामा ही ओळ दरवर्षी गायचे, आणि ती गाताना पेत्राचं भाबडेपण असं रंगवायचे की लोक हसायचे. आज कुणी हसलं नाही. मी पेटीवर सूर धरून होते, बोटं हलवायचीही भीती वाटत होती. मृणालीनं प्रभूचं उत्तर घेतलं:

न धुता तुजला, सांग शिमोना...

आणि सोडलं.

अर्धी ओळ हवेत राहिली. कीर्तनात सोडलेली ओळ म्हणजे पुढे केलेलं तान्हं मूल. कुणीतरी हात पुढे करावाच लागतो. रितेशनं तोंड उघडलं. बायकांच्या बाजूनं कमलाबाईंनी नुसता तळहात दाखवला. त्यानं मिटलं.

ती अर्धी ओळ मामांनी कधीतरी बर्फाच्या कारखान्यात, लाद्यांवर बसून रचलेली. केरूला तिथेच शिकवलेली. दुसऱ्या कुणाची नव्हतीच ती.

...वाट्यास काय यावे।

खरखरीत, फाटका, पण जागच्या जागी. झील एकदा घेऊन भागत नाही, परत घ्यावी लागते. त्यांनी परत घेतली. "वाट्यास" वर आवाज तुटला. त्यांनी उरलेलं पुरं केलं. मग वाकले आणि नाडी सोडू लागले. वेळ लागला. मृणालीनं मदत केली नाही, आणि कुणाला घाईही नव्हती. बूट निघाला, करडा मोजा निघाला. तो पाय मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. ऊन न लागलेला, पांढराफटक. दोन बोटांच्या जागी जुना, गुळगुळीत झालेला व्रण. पाहून कुणाला काही वाटावं असं त्यात काही नव्हतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या नोकरीत आयुष्य गेलं माझं, मी पाय पाहिलेत. पण त्या माणसाचा चेहरा मात्र असा मी कधी पाहिला नव्हता. जत्रेत हरवलेल्या पोराला कुणी उचलून घेतल्यावर असतो तसा.

मृणालीनं पाणी घातलं. मामा काहीतरी पुटपुटले. काय ते तिनं मला नंतर सांगितलं. म्हणाले, "कोमट हाय गो." जणू नवल. इतकी वर्षं ते पाणी तेच कोमट करून घेत आले होते, बोट घालून बघत आले होते. पायाला ते कसं लागतं, हे ठाऊक नव्हतं.

तिनं दोन्ही पाय धुतले, बापाच्या उपरण्यानं पुसले. मग हाताला धरून त्यांना उठवलं नाही; पुढे चालू लागली. मामा आपले आपण उठले आणि अनवाणी तिच्या मागून चटयांवरून आले, आणि केरूच्या जागेवर उभे राहिले.

उत्तररंग कसा झाला ते लिहून सांगता येणार नाही. आवाज तिचा, आणि ओळ जिथं सोडील तिथं खाली तो वाळूचा खरखराट तयार. जुन्या कीर्तनांत मामांचा आवाज वर असायचा आणि केरूचा खाली. आता मामा खाली होते. गडग्यावरचा म्हातारा मान डोलवत होता. मला किती माणसं आठवली. ती सगळी त्या चटयांवर कधीतरी बसलेली होती.

शेवटाकडे मृणालीनं आपलं एक घातलं, जे मामांच्या आख्यानात नव्हतं. "हाच पेत्र म्हातारा झाला," ती म्हणाली, "आणि मंडळ्यांना पत्र लिहायला बसला. काय लिहिलं त्यानं? सगळे जण नम्रता कमरेला बांधा, एकमेकांसाठी बांधा. आता मला सांगा, नम्रता कमरेला बांधायची, हे त्याला सुचलं कुठून? त्या रात्री कुणाच्या तरी कमरेला रुमाल बघितला होता त्यानं. तेव्हा नको म्हणाला होता. पण एकदा धुतल्या पायांनी उठला, आणि तो रुमाल जन्मभर विसरला नाही. ज्याला घेता आलं, त्यालाच पुढं देता आलं."

आणि ओळ सोडली. झील आली नाही. ती वळली. मामा तिच्याकडे बघत राहिले होते, झील विसरून. तिनं भुवई उचलली, शाळेत उचलत असेल तशी. मामा दचकले आणि ओळ घेतली, आणि सगळं अंगण हसलं.

प्रार्थना झाली, कोकमाचं सरबत झालं. माणसं पांगली. मामा बाकाजवळ येऊन आपले बूट शोधत होते. सापडले, पण घातले नाहीत, हातात धरले. पाळकसाहेबांनी त्यांना सरबताचा पेला आणून दिला. एरवी मामा म्हणाले असते, तुम्ही आधी घ्या. आज प्यायले. रिकामा पेला परत दिला आणि म्हणाले, "आणखी हाय काय?"

मी पेटी बंद करत होते. कमलाबाई शेजारी उभ्या होत्या.

"घरी गेल्यावर तेल कोमट करते," त्या मामांना म्हणाल्या.

"कशाला?"

"काजू सोलायला. आणखी कशाला."

मामा बूट हातात घेऊन दोन पावलं पुढे गेले. थांबले.

"डाव्याला जरा जपून लाव," ते म्हणाले. "सवय नाय त्याला."